बॅकअपच्या कोडमधले एरर मेसेज: जे दिसलं तेवढंच लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कंपनीसाठी तुम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसच्या बॅकअपचं एक छोटं टूल सी भाषेत लिहिताय. फाइल वाचताना हवे तेवढे बाइट मिळाले नाहीत की तुमचा कोड 'बॅकअप फेल: डेटा फाइल करप्ट आहे' असं छापतो आणि थांबतो. रिव्ह्यूअरने लॉजिकला हात लावला नाही, पण मेसेजवर सहा शेरे मारून पॅच (कोडमधला बदल) परत पाठवला. तुमचं म्हणणं असं की प्रोग्राम थांबायला हवा तिथे थांबतोय, एक्झिट कोडही (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; शून्य म्हणजे यश) शून्य नाही, मग चार शब्दांवरून एवढा कीस कशाला पाडायचा?

मी रिव्ह्यूअरच्या बाजूने आहे. का, ते सांगण्याआधी माझी स्वतःची एक ओळ दाखवतो.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका संस्थेच्या हिशेबाच्या डेटाबेससाठी मी रात्रीच्या बॅकअपचा प्रोग्राम लिहिला होता. डंप, म्हणजे डेटाबेसमधला सगळा मजकूर उतरवलेली फाइल, यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर उतरायचा. लिहिताना काहीही अडलं की माझा मेसेज एकच: 'डिस्क भरली आहे'. लिहिणं दुसऱ्या कशाने अडणार, असं तेव्हा मला वाटायचं. मार्चअखेरीला नोंदी वाढल्या, डंप पहिल्यांदाच ४ जीबीच्या पुढे गेला आणि बॅकअप पडला. डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली होती, आणि त्या फाइल सिस्टिममध्ये एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी, एवढ्यापर्यंतच वाढू शकते. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बिचारा 'फाइल फार मोठी झाली' असं स्पष्ट सांगत होता. मी ते विचारलंच नव्हतं. तिथल्या माणसाने मेसेज वाचला आणि शहाण्या माणसाने करावं तेच केलं: जागा करायला दोन महिन्यांचे जुने बॅकअप पुसले. दुसऱ्या रात्री तोच मेसेज. मग त्याने मागच्या आठवड्याचेही पुसले. तिसऱ्या दिवशी मला फोन आला तेव्हा जवळजवळ रिकाम्या डिस्कसमोर 'डिस्क भरली आहे' झळकत होतं आणि कामाचा एकही बॅकअप उरला नव्हता. त्या आठवड्यात मूळ डेटाबेस धडधाकट राहिला, हे आमचं नशीब.

माझाही प्रोग्राम थांबायला हवा तिथेच थांबला होता आणि एक्झिट कोडही बरोबर होता. बॅकअप घालवले ते त्या तीन शब्दांनी.

बॅकअपच्या कोडमध्ये हे जास्त बोचतं, कारण हे मेसेज वाचणारा माणूस निवांत नसतो. वेबसाइटच्या फॉर्मवर चुकीचा मेसेज आला तर माणूस वैतागतो आणि पुन्हा बटण दाबतो. बॅकअपचा किंवा रिस्टोअरचा मेसेज तो रात्री अडीच वाजता वाचतो, पाठीमागे साहेब उभे असतात, आणि पुढची कमांड बहुतेक वेळा काहीतरी पुसणारी असते. तुमचं वाक्य तो आदेश म्हणून वाचणार आहे.

म्हणून मी नवीन पोरांना एकच गोष्ट सांगतो: मेसेज पंचनाम्यासारखा लिहा. पंचनाम्यात 'दाराचं कुलूप तुटलेलं आढळलं' असं लिहितात, 'चोरी झाली' असं लिहीत नाहीत, आणि 'नोकराने केली' असं तर मुळीच नाही. कोडने काय करायचा प्रयत्न केला, कशावर केला, ऑपरेटिंग सिस्टिमने काय उत्तर दिलं आणि किती फरक पडला, एवढ्याच गोष्टींना तुमचा कोड साक्षीदार असतो. बाकीचा सगळा तुमचा तर्क. तर्क सांगायला हरकत नाही, पण तो वेगळ्या ओळीत आणि तर्क म्हणूनच. पोस्टग्रेसच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये मेसेजच्या शैलीवर स्वतंत्र भाग आहे आणि त्यात हीच विभागणी आहे: मुख्य मेसेज, मग तपशील, मग सूचना. मुख्य मेसेज छोटा आणि वस्तुस्थितीपुरता. सूचनेत उपाय, विशेषतः जो प्रत्येक वेळी लागू पडेलच असं नाही तो.

आता तुमच्या ओळीकडे येऊ. रीडने (फाइल वाचणाऱ्या फंक्शनने) मागितल्यापेक्षा कमी बाइट दिले. यावरून फाइल करप्ट आहे असं ठरतं का? चालू पोस्टग्रेसचा बॅकअप घेताना तर अजिबात नाही. तुम्ही फाइल वाचत असतानाच व्हॅक्यूम (पोस्टग्रेसची साफसफाई) येतो, टेबलाच्या शेवटची रिकामी पानं (८१९२ बाइटचे तुकडे) कापून टाकतो आणि फाइल आखूड होते. पोस्टग्रेसचा स्वतःचा बेस बॅकअपचा (अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत घेणारा) कोड अशा वेळी तक्रारही करत नाही. उरलेली जागा तो शून्यांनी भरून पुढे जातो, कारण रिस्टोअरच्या वेळी वॉल (प्रत्येक बदलाची नोंदवही) पुन्हा चालवलं की ती जागा ठीक होते. तसंच बॅकअप चालू असताना कुणी टेबल ड्रॉप केलं तर यादीत असलेली फाइल उघडायला जाईपर्यंत नाहीशी झालेली असते. तेही रोजचंच. 'करप्ट' हा शब्द वाचून तुमचा डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) चांगल्या डेटाबेसवर शस्त्रक्रिया करायला बसेल. मी असे दोन जण पाहिले आहेत.

कमी बाइट मिळण्याचं दुसरं दुखणं एररनोचं, म्हणजे कॉल का फसला ते सांगणाऱ्या सिस्टिमच्या क्रमांकाचं. बहुतेक जण रीडचा परतावा (त्याने परत दिलेला आकडा) अपेक्षेइतका आहे का, एवढंच तपासतात, आणि नसेल तर एररनोचा मजकूर छापतात. पण रीड अर्धवट यशस्वी झालं तर एररनो कुणी लावतच नाही. त्यात आधीचं काहीतरी शिळं पडलेलं असतं किंवा शून्य असतं. मग लॉगमध्ये ते प्रसिद्ध वाक्य उमटतं: 'फाइल वाचता आली नाही: सक्सेस'. हसू नका, नामांकित सॉफ्टवेअरमध्येही मी हे पाहिलंय. शून्य छापलं गेलं तर निदान विचित्र दिसतं आणि माणूस सावध होतो. शिळा एररनो त्याहून वाईट, कारण तो खरा वाटतो: पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याच फाइलसाठी आलेलं 'परवानगी नाही' या फाइलच्या नावावर चढतं आणि माणूस तासभर परवानग्या तपासत बसतो.

यावर पोस्टग्रेसच्या कोडमध्ये सर्रास दोन फांद्या असतात. परतावा ऋण असेल तर 'फाइल अमुक वाचता आली नाही', आणि पुढे एररनोचा मजकूर. परतावा शून्य किंवा धन पण अपुरा असेल तर एररनोचं नावही काढायचं नाही. 'फाइल अमुक वाचता आली नाही: ८१९२ पैकी ४०९६ बाइट वाचले' असे दोन आकडे द्यायचे. या आकड्यांतून जाणकाराला खूप काही कळतं. शून्य मिळाले म्हणजे फाइल त्या जागी किंवा त्याआधीच संपली. ४०९६ मिळाले म्हणजे ती अर्ध्या पानावर तुटली, आणि ही जास्त काळजीची गोष्ट.

लिहिण्याच्या बाजूला पोस्टग्रेस थोडं वेगळं वागतं. राइटने कमी बाइट लिहिले आणि एररनो शून्यच राहिला, तर जागा संपली असं धरून तो कोड एररनोमध्ये 'जागा उरली नाही'चा क्रमांक स्वतः भरतो. हाही तर्कच की, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण सिस्टिमने काहीच कारण दिलं नाही अशा एका चिंचोळ्या जागेपुरता तो तर्क आहे, आणि तिथे तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. मी सिस्टिमने दिलेलं कारण फेकून माझं चिकटवलं होतं. शिवाय 'जागा उरली नाही' हे खुद्द कर्नलने सांगितलं तरी तुम्ही त्याचं 'डिस्क भरली' असं भाषांतर करू नका. आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले तरी तोच क्रमांक येतो. लाखो बारीक फाइली पडलेल्या डिस्कवर शेकडो जीबी मोकळे दिसत असतात आणि तरी एक नवी फाइल होत नाही. सिस्टिमचा मजकूर जसाच्या तसा द्या. नेटवर शोधताही तोच येतो.

एररनो हाताळताना आणखी एक खड्डा असतो. राइट फसलं की शिस्तीची पोरं आधी फाइल बंद करतात, अर्धवट फाइल पुसतात आणि मग मेसेज छापतात. तोवर क्लोजने किंवा अनलिंकने एररनो बदललेला असतो. आधी तो एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग आवराआवर करा.

आता शब्द. इंग्रजीत 'कुड नॉट' आणि 'कॅनॉट' यांत पोस्टग्रेसवाले काटेकोर फरक करतात. प्रयत्न केला, या वेळी जमलं नाही, अडचण दूर झाली तर पुढच्या वेळी जमेल, तिथे 'कुड नॉट'. मुळात ते होणारच नाही, तिथे 'कॅनॉट'. माझ्या एका अमराठी सहकाऱ्याला हे वर्षभर डोक्यात बसत नव्हतं. मराठी माणसाला मात्र ते उपजत येतं. 'फाइल उघडता आली नाही' आणि 'फाइल उघडता येत नाही' यांत गोंधळ होतो का कधी तुमचा? पहिलं ऐकून आपण परवानगी बघतो, पुन्हा करून पाहतो. दुसरं ऐकून वाट बदलतो. इंग्रजी मेसेज लिहितानाही आधी मनात मराठी वाक्य म्हणून बघा, काळ आपोआप बरोबर पडतो.

'सापडली नाही' आणि 'अस्तित्वात नाही' यांचंही असंच. चार ठिकाणी शोधलं आणि मिळालं नाही तर 'सापडली नाही'. नेमका पत्ता माहीत होता आणि तिथे काही नव्हतं तर 'अस्तित्वात नाही'.

मराठीचा अजून एक फायदा सांगतो, जरी तो ऐकताना तोटा वाटेल. इंग्रजीत विचार करणारे प्रोग्रामर मेसेज तुकड्यांनी जोडतात: एक साचा 'अमुक उघडता आलं नाही', आणि अमुकच्या जागी कधी फाइल, कधी स्लॉट, कधी कनेक्शन. इंग्रजीत खपून जातं. मराठीत फाइल उघडता आली नाही, स्लॉट उघडता आला नाही, कनेक्शन उघडता आलं नाही. लिंग बदललं की क्रियापद हललं. म्हणून भाषांतर होणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये पूर्ण वाक्यं वेगवेगळी लिहायची, एका साच्यात चार वाक्यं कोंबायची नाहीत. तुमच्या टूलचं भाषांतर कधीच होणार नसेल तरी हे पाळा. पूर्ण वाक्य असलं तर लॉगमधून उचलून सोर्स कोडमध्ये शोधता येतं. तुकड्यांनी जोडलेलं वाक्य कोडमध्ये कुठेच सापडत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक: 'तपासलं आणि चुकीचं निघालं' आणि 'तपासताच आलं नाही' या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पोस्टग्रेसचा बेस बॅकअप पानापानाचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) पडताळतो. जुळला नाही तर तो म्हणतो: अमुक फाइलच्या अमुक ब्लॉकची (म्हणजे पानाची) पडताळणी फसली, हिशेब हा आला, अपेक्षित हा होता. पण वाचलेल्या बाइटचं प्रमाण पानाच्या मापात बसलं नाही, तर तो दुसरंच वाक्य वापरतो: चेकसम पडताळता आला नाही, बफर (वाचलेला मजकूर) एवढा आणि पान एवढं. पहिल्या वाक्यात डेटावर आरोप आहे. दुसऱ्यात फक्त आपली असमर्थता कबूल केलेली आहे. शाळेत नापास आणि गैरहजर यांना एकच शेरा देत नाहीत, तसंच हे. बॅकअपची किती टूल्स या दोन्हींसाठी 'व्हेरिफिकेशन फेल्ड' एवढंच छापतात ते बघा, आणि मग त्यांच्या अलर्टवर लोकांनी विश्वास ठेवणं का सोडलं ते कळेल.

त्याच कोडमध्ये आरोप करण्याआधीचा संयमही पाहण्यासारखा आहे. पान वाचलं जात असतानाच सर्व्हर ते लिहीत असेल तर अर्धं जुनं, अर्धं नवं हातात येतं आणि चेकसम साहजिकच चुकतो. म्हणून तो ब्लॉक पुन्हा एकदा वाचून मगच बोंब मारली जाते. एका फाइलमध्ये पाच चुका सांगून झाल्या की 'या फाइलमधल्या पुढच्या चुका सांगणार नाही' असंही तो सांगतो, आणि शेवटी एकूण आकडा देतो. म्हणजे लॉग भरत नाही, आणि पाचच चुका होत्या असा गैरसमजही होत नाही.

२०२० साली पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीत पीजी_व्हेरिफायबॅकअप आलं; ते बॅकअप त्याच्या मॅनिफेस्टशी, म्हणजे फाइलींच्या यादीशी, ताडून पाहतं. त्याची वाक्यं मी प्रशिक्षणात फळ्यावर लिहितो. 'अमुक डिस्कवर आहे पण मॅनिफेस्टमध्ये नाही.' 'अमुक मॅनिफेस्टमध्ये आहे पण डिस्कवर नाही.' 'अमुकचा आकार डिस्कवर एवढा, पण मॅनिफेस्टमध्ये एवढा.' 'मिसमॅच' म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! पण पहिल्यात कुणीतरी बॅकअपच्या फोल्डरमध्ये जास्तीची फाइल टाकलीय, आणि दुसऱ्यात तुमचा बॅकअप अपुरा आहे. पहिल्याला फार तर भुवया उंचावतील, दुसऱ्याला झोप उडेल. आणि लक्षात घ्या, कोणती बाजू खोटी आहे हे ते ठरवत नाही. मॅनिफेस्टच चुकीचा असू शकतो. दोन्ही आकडे ठेवले, बाजूला झालं.

वस्तूचं नाव बरोबर घेणं हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण रिव्ह्यूमध्ये माझे अर्धे शेरे त्यावरच असतात. कॉपी करताना वाचणं फसलं आणि मेसेजमध्ये नाव छापलं ते कॉपी जिथे जायची तिथल्या फाइलचं. आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलणाऱ्या कोडमध्ये, लिहिणं तात्पुरत्या फाइलवर फसलं पण मेसेजमध्ये अंतिम नाव आलं. माणूस ती फाइल शोधतो, तर ती जन्मालाच आलेली नसते. नाव बदलणं फसलं तर दोन्ही नावं हवीत. लूपमध्ये ऑफसेट (फाइलमधली जागा) आधी पुढे सरकवला आणि मेसेज नंतर छापला, तर आकडा बरोबर एक ब्लॉक पुढचा येतो. मग कुणीतरी हेक्सडंप (फाइलचे कच्चे बाइट) घेऊन त्या ऑफसेटवर जातं, तिथलं पान चोख असतं, आणि 'हार्डवेअर ठीक आहे' असा दाखला मिळतो.

२०२४च्या १७व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला भाग घेणारा) बॅकअप आल्यावर हे आणखी नाजूक झालंय. ते एकत्र जोडणाऱ्या पीजी_कंबाइनबॅकअपला तुम्ही रविवारचा पूर्ण बॅकअप आणि पुढच्या तीन दिवसांचे इन्क्रिमेंटल देता. चारही फोल्डरमध्ये त्याच टेबलाची फाइल जवळपास त्याच नावाने असते, फार तर पुढे 'इन्क्रिमेंटल.' लागतं. अशा वेळी नुसतं '१६३९७ वाचता आली नाही' हे कुणाच्या उपयोगाचं? मंगळवारचा बॅकअप गेला असेल तर सोमवारपर्यंतचं वाचतं, रविवारचा गेला असेल तर सगळंच गेलं. पूर्ण पाथ द्या, तोही फोल्डरसकट.

सूचनेच्या ओळीबद्दल माझं मत थोडं कडक आहे: सूचना दिली नाही तरी चालेल, अर्धी देऊ नका. पोस्टग्रेस सुरू होताना चेकपॉइंटने (कुठपर्यंतचे बदल डिस्कवर गेले त्या नोंदीने) सांगितलेली जागा वॉलमध्ये मिळाली नाही, तर एक लांब सूचना येते. तिचा आशय असा: तुम्ही बॅकअपमधून रिस्टोअर करत असाल तर रिकव्हरी सिग्नलची फाइल तयार करा आणि लागणारे पर्याय भरा. करत नसाल तर बॅकअप_लेबल ही (बॅकअप कुठून सुरू झाला ते सांगणारी) फाइल काढून पाहा. आणि लगेच पुढे: सांभाळा, रिस्टोअर करत असताना बॅकअप_लेबल काढलीत तर क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटा) करप्ट होईल. ही शेवटची ओळ नसती तर काय झालं असतं? घाबरलेला माणूस 'काढून पाहा' एवढंच वाचतो. फाइल काढतो, सर्व्हर सुरू होतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि आतून डेटा सडलेला असतो. उपाय सांगायचा तर तो कुणासाठी विष आहे तेही त्याच श्वासात सांगायचं.

आणि ही माझी आवडती. बॅकअप संपवताना लागणारे वॉल सेगमेंट (वॉलच्या फाइली) आर्काइव्हमध्ये (त्या जपून ठेवायच्या जागी) पोचले नाहीत, तर साठ सेकंदांनी पहिला इशारा येतो, मग दुप्पट-दुप्पट अंतराने: 'सर्व आवश्यक वॉल सेगमेंट आर्काइव्ह होण्याची अजून वाट पाहत आहे (६० सेकंद झाले)'. सूचनेत म्हटलंय: आर्काइव्ह_कमांड नीट चालतेय का बघा, हा बॅकअप तुम्ही निर्धास्त रद्द करू शकता, पण सगळे सेगमेंट मिळाल्याशिवाय तो वापरता येणार नाही. प्रोग्राम कशासाठी अडलाय, किती वेळ, कुठे बघायचं, काय केलं तर नुकसान नाही आणि काय केलं तर फायदा नाही, सगळं दोन ओळींत. असं लिहिता आलं की मला कळवा, मी चहा पाजेन.

वाट पाहण्याचा विषय निघालाच आहे तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७चं प्रकरण सांगतो. त्यांनी स्वतः सविस्तर अहवाल जाहीर केला, म्हणून आपल्याला शिकता येतं. दुय्यम (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या) सर्व्हरवर पीजी_बेसबॅकअप चालवलं तर ते काहीही न छापता बसून राहायचं. खरं तर ते मुख्य सर्व्हरकडून डेटा सुरू होण्याची वाट पाहत होतं. पण पडद्यावर काहीच नसल्यामुळे आधीच्या प्रयत्नांतल्या फाइली आड येत असाव्यात असं इंजिनिअरला वाटलं. त्याने डेटा फोल्डर पुसायला घेतलं, आणि ते दुय्यम नव्हे तर मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला होता. मग रोजचे डंप शोधले तर ते नव्हतेच: सर्व्हर ९.६चा आणि डंप घेणारं पीजी_डंप ९.२चं, त्यामुळे ते आवृत्ती जुळत नाही म्हणून रोज थांबत होतं. त्याचा मेसेज अगदी नेमका होता, दोन्ही आवृत्त्या सांगणारा. पण क्रॉनचे (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामचे) ईमेल डीमार्कच्या (ईमेल पाठवणारा खरा आहे का तपासणाऱ्या) नियमांत न बसल्यामुळे परत जात होते. शेवटी योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीवर) भागलं आणि सहा तासांचा डेटा गेला.

म्हणून 'वाट पाहतोय' हाही मेसेजच असतो, आणि तो न देणं ही चूक. आता पीजी_बेसबॅकअपला प्रोग्रेसचा पर्याय दिला की ते चेकपॉइंटसाठी थांबल्याचं सांगतं. तुमच्या टूलमध्ये दहा-पंधरा सेकंदांहून जास्त शांतता पडू शकेल अशा जागा शोधा आणि तिथे तोंड उघडा.

यशाच्या मेसेजलाही हीच कसोटी. 'बॅकअप पूर्ण झाला' हे एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचवणारा कॉल) यशस्वी झाल्याशिवाय छापू नका, आणि क्लोजचा परतावाही बघा. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर) जागा संपल्याची बातमी कधीकधी तिथेच कळते. एफसिंक एकदा फसलं तर 'पुन्हा करून पाहू' हा मोहही टाळा. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर फसलेल्या एफसिंकनंतर पानं 'स्वच्छ' म्हणून नोंदली जाऊ शकतात, आणि दुसरं एफसिंक खुशाल यशस्वी म्हणून परत येतं, डेटा डिस्कवर न जाताच. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी सरळ पॅनिक करून बंद होतं आणि वॉलपासून सुरुवात करतं. तुमच्या टूलने निदान ती फाइल टाकून द्यावी आणि 'डिस्कवर पक्की करता आली नाही' असं म्हणावं.

शेल स्क्रिप्टमधून डंप थेट जीझिपला (फाइल आवळणाऱ्या प्रोग्रामला) पाइप करत असाल तर बॅशमध्ये पाइपफेल (मधला कुणीही फसला तरी अपयश सांगणारा पर्याय) चालू आहे ना ते आजच बघा. नाहीतर एक्झिट कोड जीझिपचा येतो, डंप मेलेला असला तरी जीझिप इमानदारीत २० बाइटची फाइल बनवतं, आणि तुमची स्क्रिप्ट 'यशस्वी' म्हणते.

अलर्टसाठी मेसेजचा मजकूर ग्रेप करू (शब्दांनी शोधू) नका, एवढंही जाता जाता. सर्व्हरकडून येणाऱ्या एररना पाच अक्षरी एसक्यूएलस्टेट हा कोड असतो: ५३१०० म्हणजे डिस्क फुल, एक्सएक्स००१ म्हणजे डेटा करप्ट. अलर्ट त्यावर बांधलात तर शब्द सुधारायला तुम्ही मोकळे राहता. नाहीतर 'मेसेज बदलला तर अलर्ट मोडेल' म्हणून चुकीची वाक्यं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

तुमच्या ओळीचं मी काय केलं असतं ते लिहितो. परतावा ऋण असेल तर: 'फाइल "बेस/५/१६३९७" वाचता आली नाही, ऑफसेट ८१९२०:' आणि पुढे सिस्टिमचा मजकूर. परतावा अपुरा असेल तर: 'फाइल "बेस/५/१६३९७" वाचता आली नाही, ऑफसेट ८१९२०: ८१९२ पैकी ४०९६ बाइट वाचले'. तपशिलात: 'बॅकअप सुरू होताना फाइलचा आकार अमुक होता, आता तमुक आहे.' हे तुम्ही एफस्टॅटने विचारू शकता, म्हणून तुम्हाला दिसलेलं आहे. सूचना: काही नाही. 'करप्ट' हा शब्द ज्या जागी चेकसम दोनदा वाचूनही चुकला तिथे ठेवा. 'बॅकअप फेल' हे सुरुवातीचं ठिगळही काढा. ते प्रत्येक मेसेजला लागतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. प्रोग्रामचं नाव पुरे.

आणि हे मेसेज डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पॅच पाठवू नका. एररच्या फांद्या हा कोडचा असा भाग आहे की जो बहुधा पहिल्यांदा ग्राहकाकडेच चालतो. जागा संपल्याची चाचणी घ्यायला लिनक्सवर /डेव्ह/फुल आहे, त्यात काहीही लिहायला गेलं की 'जागा उरली नाही' मिळतं. फाइल मध्येच ट्रंकेट करून (कापून) अपुरं वाचन मिळतं. छोटी फाइल लूप माउंट करून (डिस्क म्हणून जोडून) आयनोड संपवता येतात, आणि चालत्या बॅकअपला किल देऊन अर्धवट फाइल मिळवता येते. परवानगीची चाचणी मात्र रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून घेऊ नका. रूटला कुणी अडवत नाही, मेसेज उमटतच नाही, आणि ती फांदी बरोबर चालते असं वाटून तुम्ही पुढे जाता. मी दोनदा गेलोय.